एका घराच्या चार मेढी

पुणे-सोलापूर रस्त्याने भिगवण ओलांडून इंदापूरकडे निघाले, की डाव्या हाताला उजनीचे पाणी दिसू लागते. पाऊसकाळ चांगला झाला तर नजर पोहोचेल तिथवर पाणीच पाणी. थंडीत त्यावर रोहित पक्षी उतरतात, ते पाहायला शहरातून मोटारी भरभरून माणसे येतात. भिगवणच्या बाजारात मासळीचे लिलाव होतात. काठाकाठाने हिरवागार ऊस डुलतो. पाहणाऱ्याला वाटावे, किती सुखाचा मुलूख हा!

पण मंडळी, या पाण्याखाली गावे आहेत. चुलीच्या जागा आहेत, तुळशीवृंदावने आहेत, पूर्वजांच्या समाध्या आहेत. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातील उजनीजवळ भीमेवर धरण झाले. १९८० साली ते पुरे झाले. सुमारे ११७ टीएमसी पाणी मावणाऱ्या या जलाशयाने इंदापूर, दौंड, करमाळा अशा तालुक्यांतील भीमाकाठ पोटात घेतला. जुने पळसदेव त्यातलेच. पाणी फार ओसरले म्हणजे पळसनाथाचे दगडी देऊळ वर येते. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण मृतसाठ्यातही खोल गेले, तेव्हा ते पुन्हा उघडे पडले. जुनी माणसे नातवंडांना घेऊन गेली आणि बोट दाखवून सांगू लागली, इथे आपला वाडा होता, इथे पार होता, इथून पाणी भरत होतो.

ही गोष्ट आज काढण्याचे कारण आहे. बेघर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शहरातला फुटपाथ येतो. आपल्या खेड्याचा त्याच्याशी काय संबंध, असे वाटते. पण बारामती-इंदापूरच्या किती तरी बागायतदार घराण्यांनी एका पिढीपूर्वी आपले छप्पर डोळ्यांदेखत गमावले आहे. आणि आजही या दोन तालुक्यांच्या गावकुसाबाहेर, कालव्याच्या भरावावर, बाजारतळाच्या कडेला फाटक्या पालात संसार मांडलेली कुटुंबे आहेत. एकदा उठलेले घर पुन्हा कसे बसते, आणि त्यात गावाचा हात किती असतो, हे आज पाहू या.

धरणग्रस्तांनी शिकवलेला धडा

उजनीच्या वेळी विस्थापितांसाठी वेगळा कायदा नव्हता. महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला तो १९७६ साली, आणि पुढे १९८६ व १९९९ मध्ये तो नव्याने केला. हे कायदे आपोआप झाले नाहीत. पुणे जिल्ह्यातच सेनापती बापटांनी १९२१ साली मुळशीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह उभारला होता. त्यानंतर पन्नास वर्षांनी डॉ. बाबा आढाव आणि त्यांच्या साथींनी राज्यभरच्या धरणग्रस्तांना एकत्र केले आणि ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही मागणी लावून धरली. आज नव्या गावठाणात शाळा, रस्ता, पिण्याचे पाणी, स्मशानभूमी हक्काने मागता येते, ते त्या लढ्यामुळे.

पण कायदा येण्याआधी माणसे जगली कशी? कुणी वरच्या माळावर नव्या गावठाणात गेले, कुणाला लाभक्षेत्रात दूर कुठे तरी जमीन मिळाली, कुणी भरपाईचे पैसे घेतले आणि ते पाहता पाहता सरले. पैसा आला तसा गेला. ज्यांच्या वाट्याला गावपण राहिले, भावकी राहिली, देव राहिला, ती कुटुंबे लवकर सावरली. नव्या पळसदेवात घरे नवी होती, पण शेजार जुना होता. बी-बियाणे उसने मिळत होते, आजारी माणसाला दवाखान्यात न्यायला गाडी जुंपली जात होती, लेकीच्या लग्नाला मांडव पडत होता. धरणाच्या पाण्याने जमीन नेली, आणि पुढे त्याच पाण्यावर कुणी मोटर बसवून ऊस केला, कुणी जाळे टाकून मासेमारी धरली.

घर म्हणजे नुसत्या चार भिंती नव्हेत, हा तो धडा. झोपडी उभी राहते ती मेढींवर. माझ्या मते घराच्या मेढी चार आहेत: जागा, कागद, काम आणि शेजार. एक जरी कच्ची राहिली तरी पहिल्याच वावटळीत छप्पर उडते.

पालातले शेजारी कोण?

आपल्या घरातल्या वस्तू जरा आठवून पाहा. पाटा-वरवंटा आणि जाते वडाराने घडवलेले. विळा, खुरपे, कुऱ्हाड घिसाड्याने भात्यावर शेकलेली. कणगी, टोपली, डालगे कैकाड्याने विणलेले. गावची जुनी विहीर फोडली ती वडारांच्याच पहारींनी. ज्यांच्या हातांनी आपला संसार उभा राहिला, त्यांच्या संसाराला मात्र कुठल्याच गावात बूड नाही. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, तसा त्यांचा प्रपंच गाढवाच्या पाठीवर. बारामतीला लागून असलेल्या फलटण तालुक्यातील लक्ष्मण माने यांनी १९८० साली ‘उपरा’ लिहिले आणि कैकाडी समाजाचे हे जिणे जगापुढे मांडले. त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुस्तक आपण वाचले, डोळे पुसले. पण ओढ्याकाठच्या पालाकडे पुन्हा पाहिले का?

पारध्यांची गोष्ट त्याहून कठीण. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जमातीच्या जमाती जन्मानेच चोर ठरवून टाकल्या. स्वातंत्र्यानंतर, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, हा शिक्का कायद्याने पुसला गेला. म्हणून त्या लोकांना ‘विमुक्त’ म्हणतात. कागदावरचा शिक्का गेला, माणसांच्या मनातला गेला नाही. १९९८ साली बारामतीत एका पारधी मजुराचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला आणि ते प्रकरण देशभर गाजले. गावात चोरी झाली की पहिली झडती पालाची, ही रीत अजून पुरती मोडलेली नाही. झडतीच्या भीतीने कुटुंब रातोरात पाल गुंडाळते. मग मुलाची शाळा सुटते, शिधापत्रिकेचा अर्ज अर्ध्यात राहतो, गणतीच्या दिवशी कुटुंब सापडत नाही. बेघरपण असे एकातून दुसरे वाढत जाते.

तिसरे बिऱ्हाड तुम्ही दरवर्षी पाहता. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचे कर्मयोगी आणि नीरा-भीमा या कारखान्यांचे बॉयलर पेटले, की बीडकडची ऊसतोड कुटुंबे कोयता घेऊन येतात. त्यांना गावी घर असते, पण वर्षातले पाच-सहा महिने मुक्काम पाचटाच्या कोपीत. आपल्या फडातला ऊस वेळेवर गेला पाहिजे, ही आपली काळजी. त्या कोपीत बाळंतीण आहे, तिला गरम पाणी मिळाले का, ही काळजी कोणाची?

पहिली मेढ : जागा

घरकुलाला पैसे मंजूर झाले आणि जागा नाही म्हणून ते परत गेले, असे किती तरी गावांत घडते. ज्याच्याकडे हातभर जमीन नाही त्याने घर आभाळात बांधायचे का?

यावर वाटा आहेत, त्या गावाला ठाऊक हव्यात. पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेत भूमिहीन लाभार्थ्याला जागा घेण्यासाठी सरकार मदत करते. सुरुवातीला ही मदत ५० हजारांपर्यंत होती, पुढे ती १ लाखापर्यंत वाढवली. पण नुसते पैसे असून चालत नाही, विकणारा हवा. तुकडेबंदीच्या कायद्यामुळे पूर्वी गुंठा-अर्धा गुंठा जमिनीचे खरेदीखत होत नसे. ग्रामीण घरकुलासाठी ही वाट आता परवानगीने मोकळी झाली आहे. तलाठ्याकडे चौकशी करा. माळाचा एखादा कोपरा, जिथे काही पिकत नाही, तो वाजवी किमतीत एका कुटुंबाला दिलात तर तुमचे काही उणे होत नाही, आणि त्याच्या सात पिढ्यांचे फिरणे थांबते.

भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना २०११ च्या डिसेंबरात आली. तिची कल्पना मोठी नामी आहे. वीस कुटुंबांची एक वसाहत, प्रत्येक कुटुंबाला ५ गुंठे जागा, त्यावर २६९ चौरस फुटांचे घर, आणि उरलेल्या जागेत शेळ्या, कोंबड्या, परसबाग असा पोटापाण्याचा उद्योग. जोडीला रस्ता, वीज, पाणी. पुढे एकेकट्या कुटुंबालाही लाभ देण्याची सोय झाली. पण वीस कुटुंबांना पुरेल एवढी सरकारी जागा गावाजवळ दाखवायची कोणी? गाडे इथे अडते. गायरान देणे २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर सोपे राहिलेले नाही, हे खरे. भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमाती यांच्यासाठी त्या निकालातही अपवादाची खिडकी ठेवली आहे. ती उघडायची तर ग्रामसभेचा ठराव लागतो. आणि ग्रामसभेत बसतो कोण? तुम्ही आणि आम्ही.

‘एकदा जागा दिली की ही माणसे कायमची बसतील,’ असे पारावर बोलले जाते. खरेच आहे ते. कायमचे बसावे, म्हणूनच तर जागा द्यायची.

दुसरी मेढ : कागद

आपल्याकडे सातबारा असतो, आठ-अ असतो, शाळेचा दाखला असतो. म्हणून कागद नसलेल्या माणसाची अडचण आपल्या ध्यानात येत नाही. जातीच्या दाखल्यासाठी भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा. ज्याचा आजा कुठल्या झाडाखाली जन्मला हेच ठाऊक नाही, त्याने १९६१ चा पुरावा कुठून आणावा?

इथे गावातली शिकलेली मुले मोठे काम करू शकतात. आधी घरातला शाळेत गेलेला सर्वांत जुना माणूस शोधायचा, चुलता, आत्या, कुणीही. त्याच्या शाळेच्या रजिस्टरातली नोंद काढायची. काहीच मिळाले नाही, तर गृहचौकशीची विनंती करायची. म्हणजे अधिकारी वस्तीवर येऊन चालीरीती, बोली, नातेसंबंध यांवरून अहवाल देतात. त्या वेळी गावातल्या जुन्या माणसांनी ‘होय, या कुटुंबाला आम्ही इतक्या वर्षांपासून ओळखतो’ एवढे सांगितले तरी फार उपयोग होतो.

कागद काढताना क्रम चुकू देऊ नका. आधी आधार. त्यासाठी पत्त्याचा पुरावा नसेल तर सरपंचांचा विहित नमुन्यातला दाखला चालतो. मग बँकेत खाते, कारण घरकुलाचा हप्ता सरळ खात्यात पडतो. मग शिधापत्रिका. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ झाल्यापासून कुटुंब कुठेही गेले तरी धान्य उचलता येते, ऊसतोड मजुरालासुद्धा. मग मतदार यादीत नाव. आणि घर झाले की ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर नोंद. तिथे नवऱ्याबरोबर बायकोचेही नाव लावून घ्या. घर बाईच्या नावावर असले म्हणजे ते दारूच्या पायी गहाण पडायला सहजी धजत नाही.

आणखी एक. घरकुलाच्या याद्या सर्वेक्षणावरून ठरतात. २०११ चे सामाजिक-आर्थिक सर्वेक्षण झाले, नंतर ‘आवास प्लस’ची नोंदणी झाली. ज्या दिवशी नोंद घेणारा आला त्या दिवशी पालातले कुटुंब दुसऱ्या गावी मजुरीला गेले होते, एवढ्यावरून ते वर्षानुवर्षे यादीबाहेर राहते. पुढचे सर्वेक्षण जाहीर होईल तेव्हा निरोप धाडून त्यांना बोलावून घेणे, हे शेजाऱ्याचेच काम.

तिसरी मेढ : काम

बारामती तालुक्याचे दोन चेहरे आहेत. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला, तेव्हापासून कालव्याखालचा पट्टा बागायती झाला. सुपे-मोरगावकडचा वरचा भाग मात्र जिरायतीच राहिला. पाऊस नाही पडला की त्या भागातली माणसे घराला कडी लावून मुंबई-पुणे गाठत. घर असूनही ती बेघर होत.

१९७२ च्या दुष्काळात हे थांबवण्याचा एक मार्ग याच मुलखाने दाखवला. त्याच्या आधीपासूनच ‘कासा’ या ख्रिस्ती मदत संस्थेच्या धान्याच्या मोबदल्यात बारामतीत पाझर तलावांची कामे सुरू झाली होती. माणसाने माती खोदायची आणि मजुरी म्हणून धान्य घरी न्यायचे. १९७१ साली आप्पासाहेब पवार आणि सहकाऱ्यांनी बारामतीत कृषी विकास प्रतिष्ठान स्थापन केले आणि त्या कामाला संस्थेचे बळ आले. दुष्काळात पोटाला अन्न मिळाले, आणि दुष्काळ सरल्यावर विहिरींना पाणी आले. राज्यभर वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि १९७९ पासून तो अमलात आला. फुकटच्या शिध्याने माणूस चार दिवस तगतो, कामाने तो गावात टिकतो.

आज आपल्या शिवारात कामाला तोटा नाही. इंदापूरकडे डाळिंब, द्राक्षे, पेरू. बारामतीकडे ऊस, भाजीपाला, दूध. मजूर मिळत नाही ही प्रत्येकाची ओरड, आणि ओढ्याकाठी धडधाकट माणसे कामाविना. या दोघांची गाठ का पडत नाही? विश्वास नाही म्हणून. तो कुठून तरी सुरू करावाच लागतो. पिढ्यानपिढ्या रानात वावरलेल्या पारध्याइतका रानाचा कानोसा कुणाला? बागेच्या राखणीला त्याच्यासारखा जागल्या मिळायचा नाही. वडाराला गवंडीकाम शिकायला फार दिवस लागत नाहीत. घरकुल योजनेतच ग्रामीण गवंड्यांच्या प्रशिक्षणाची सोय आहे. ज्याला घर हवे त्यालाच घर बांधण्याचा हुन्नर मिळाला, तर त्याचे घर तर होतेच, पुढे धंदाही लागतो. बायकांना बचत गटात घ्या. उमेदच्या गटातून शेळीसाठी, शिलाई यंत्रासाठी कर्ज मिळते.

मात्र एक पथ्य पाळा. अंगावर मोठी उचल देऊन माणूस बांधून ठेवायचा आणि वर्षानुवर्षे ती फिटू द्यायची नाही, याला आधार म्हणत नाहीत. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी हा गुन्हा ठरवला आहे. आठवड्याचा रोजगार आठवड्याच्या बाजारी, हिशेबाने, आणि बाईची मजुरी बाईच्या हातात, एवढे केले तरी पुष्कळ झाले.

चौथी मेढ : शेजार

ही मेढ सरकार देऊ शकत नाही. ती गावानेच रोवायची.

शेजार म्हणजे काय, ते वस्तीवरच्या बाईला विचारा. शेजार म्हणजे नळावर हंडा लावताना कुणी मागे न ढकलणे. शेजार म्हणजे पोराला वर्गात मागच्या कोपऱ्यात न बसवणे. शेजार म्हणजे यात्रेच्या पट्टीत आपलेही दहा रुपये घेतले जाणे. ज्या दिवशी गाव वस्तीकडून वर्गणी मागते, त्या दिवशी ती वस्ती गावाची होते. मदत घेणारा माणूस संकोचलेला असतो, देणारा झाला की ताठ उभा राहतो.

मुलांची शाळा ही शेजाराची खरी कसोटी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वर्षांच्या कुठल्याही मुलाला वर्षाच्या मध्येही शाळेत प्रवेश द्यावा लागतो. दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही. ऊसतोडीला आलेल्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक असते. गावाकडच्या शाळेचे ते पत्रक दाखवले की इथल्या शाळेने मुलाला बसवून घ्यायचे. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे असतात, आणि २०२१ पासून ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना आली आहे. पण फडावरच्या कोपीत जाऊन ‘पोरांना उद्या शाळेत पाठवा, माझ्या मुलीबरोबर येतील’ असे सांगायला कुणी तरी लागते. त्या फडाचा मालक हे एका वाक्यात करू शकतो. आपल्या दारात पाण्याची टाकी आहे, कोपीपर्यंत एक नळी ओढून देणेही अवघड नाही.

आणि चोरीचा विषय निघालाच आहे तर सरळ बोलू. चोर हा चोर असतो, त्याला कायदा आहे. पण एकाच्या संशयाने सगळी वस्ती उठवायची नाही, असे गावाने एकदा ठरवावे. पोलीस पाटील, सरपंच आणि वस्तीतला एक कर्ता माणूस यांनी महिन्याला एकदा एकत्र बसावे. तुटलेले बोलणे सुरू झाले की अर्धा संशय तिथेच विरघळतो.

बांधताना काय सांभाळावे?

घर पाहावे बांधून, म्हणतात ते उगीच नाही. १९९३ च्या ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादकडची (आजचा धाराशिव जिल्हा) ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. घरे मजबूत झाली, पण काही वसाहतींत ती अशी लांब लांब बांधली गेली, की गोठ्याला जागा नाही, भावकी विखुरली, रस्ते एवढे रुंद की म्हातारीला हाक ऐकू जाईना. उलट जिथे लोकांनी आपली घरे आपल्या देखरेखीखाली दुरुस्त केली, गावातल्या बायकांनी संवाद सहायक म्हणून काम पाहिले, तिथे घर माणसाच्या मनाजोगते झाले. आपल्याच जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातील माळीणवर ३० जुलै २०१४ रोजी डोंगर कोसळला. १५१ माणसे गेली. वाचलेल्यांसाठी नवे गाव उभे राहायला २०१७ उजाडले. तोवर त्यांना धीर दिला तो आजूबाजूच्या गावांनी आणि नातेवाइकांनी.

म्हणून घर बांधण्याआधी ज्याचे घर आहे त्याला, विशेषतः घरातल्या बाईला, विचारा. चूल कुठे हवी, शेळ्या कुठे बांधणार, दार कुठल्या अंगाला.

पैशाचे गणितही ध्यानात असू द्या. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात. शौचालयाला १२ हजार वेगळे, आणि जोडीला रोजगार हमीच्या मजुरीचा आधार. २०२५ मध्ये राज्याने आपल्या बाजूने ५० हजारांची भर घालण्याचे ठरवले, आणि त्याच वर्षीच्या वाळू धोरणात घरकुलाला ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याचे ठरले. पण पैसे हप्त्याने येतात: जोते झाले की एक, छतापर्यंत आले की एक. हातात भांडवल नसलेल्या कुटुंबाचे काम पहिल्या हप्त्यानंतर थांबते, भिंती पावसात भिजत राहतात. इथेच गावाचा हात लागतो. एकाने ट्रॅक्टर एक दिवस द्यावा. दुसऱ्याने विहिरीचे पाणी द्यावे. दुकानदाराने सिमेंट हप्ता येईपर्यंत उधारीवर द्यावे. तरुण मंडळाने एक रविवार श्रमदान करावे. बचत गटांच्या घरकुल मार्टातून सामान एकत्र घेतले तर दर उतरतो. या हिशेबात कुणाचेच फार जात नाही, पण पावसाळ्याआधी छत पडते.

आता तुमच्या गावाचे बोला

गाव करी ते राव न करी, ही म्हण आपणच रचली आणि आपणच विसरलो. तेव्हा एवढे करा. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी, यांपैकी पुढची जी ग्रामसभा येईल तिला जाण्याआधी एका संध्याकाळी गावाच्या हद्दीत फेरी मारा. पाले किती, कोपी किती, मोडकी छपरे किती, हे मोजा. प्रत्येकाला चार प्रश्न विचारा: जागा आहे का, कागद आहेत का, काम आहे का, गावात तुमच्या सुखदुःखाला येणारे कुणी आहे का? उत्तरे वहीत लिहा. पुस्तकी अहवाल नको, शाळेतल्या मुलानेही लिहिली तरी चालतील. ग्रामसभेत ती वही वाचून दाखवा आणि एका तरी कुटुंबाचे नाव ठरावात घ्या.

एकदम वीस घरांचे मनसुबे रचू नका. एका वर्षात एक घर. पण ते पुरे करा, दाराला कडी बसेपर्यंत आणि नमुना आठवर नाव चढेपर्यंत.

पळसनाथाचे देऊळ पुन्हा कधी उघडे पडेल तेव्हा नातवंडांना जरूर दाखवा, इथे आपले गाव होते म्हणून. आणि हेही सांगा, की घर बुडाले तरी आपण बुडालो नाही, कारण माणसांनी माणसांना धरून ठेवले होते. मग नातवंड विचारील, ओढ्याकाठच्या पालातल्या त्या लोकांना कुणी धरले आहे? त्या वेळी सांगायला आपल्याकडे काही तरी असले पाहिजे.